आबाजींची जरमनी

वेरमणी हा शब्द आमच्या घरात प्रत्येकाच्या तोंडून वेगळा निघायचा. बाबांनी तो नागपूरच्या दीक्षेहून आणला होता, म्हणून ते जपून, एकेक अक्षर सुटं ठेवून म्हणायचे. माय घाईत म्हणायची, कारण तिचा एक कान चुलीवरच्या वरणाकडे असायचा. धाकटा भाऊ आनंद शब्दाचं शेपूट तेवढं पकडायचा आणि 'मणी' म्हणून मोकळा व्हायचा. आणि माझे आजोबा, आबाजी, ज्यांच्या तोंडात दात उरले नव्हते आणि कानात आवाज शिरत नव्हता, ते आम्हा सगळ्यांच्या वरताण आवाजात 'जरमनी' म्हणायचे. पंचशीलात पाच शीलं. जीव घेणार नाही, न दिलेलं उचलणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. मूळ पालीत ह्या प्रत्येकात वेरमणी येतो. त्या गोष्टीपासून लांब राहणं, हात आवरणं, असा त्याचा अर्थ. म्हणजे रोज दिवेलागणीला आमच्या घरातून पाच वेळा जरमनीचा पुकारा व्हायचा. बाबा कानाशी तोंड नेऊन दुरुस्त करायचे, तर आबाजी म्हणायचे, "तेच तं म्हंतो ना बापा, जरमनी." तरुणपणी बाजारात त्यांनी मोठ्या लढाईच्या गप्पा ऐकल्या होत्या, त्यातला हा शब्द. ओळखीचा शब्द हाताशी असताना माणूस अनोळखी कशाला उचलील? माय हसून म्हणायची, "म्हनू द्या त्याईले. बुद्धाले समजते."

बुद्धाला समजत होतं. फौजदाराला समजलं नाही. त्याचीच ही हकिकत आहे.

आमचं गाव सावरखेडी, घाटंजीच्या अंगाला, बाजाराचं गाव. एक ठाणं, एक जिन आणि पावसाळ्यात गुडघाभर होणारी काळी माती. माझे बाबा, देवाजी, जिनात रेच्यावर होते. कापसातून सरकी काढणारं ते यंत्र हंगामात दिवसभर घरघरायचं, आणि संध्याकाळी भोंगा झाला की बाबा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे पांढरे पुंजके घेऊन घरी यायचे. आनंद त्यांना 'म्हातारे बाबा' म्हणायचा. अंगणात हातपाय धुवून ते आत आले की घरभर सरकीचा तेलकट वास पसरायचा. अजूनही सरकीचं पोतं उघडं दिसलं की मी आपोआप मागं वळून बघते. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलात कालवलेलं तिखट. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. तिला आम्ही सोल्याची भाजी म्हणतो, आणि ती असली की आबाजी दोनदा विचारायचे, "आज कोन्ता सन हाये?" गरिबी होती, पण मायच्या हातचं तिखट चाखलेल्या माणसानं त्या गरिबीबद्दल फार रडू नये असं माझं मत आहे.

दीक्षेआधी माझं नाव दगडी होतं. दोन पोरी गेल्यावर मी झाले, तेव्हा दगडासारखी टिकावी म्हणून ठेवलेलं. बाबा नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत परत आले ते माझं नवं नाव घेऊनच: सुजाता. आल्या आल्या त्यांनी ते मला दारातच सांगितलं, आत येऊन पाणी पिण्याच्याही आधी. दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तीलाही नवं नाव दिलं. जुनं नाव तुम्हाला ठाऊक असेलच, ते गावाच्या तोंडी शिवीसारखंच होतं. बाबांनी पत्र्याचा तुकडा मिळवला, चुन्यानं रंगवला आणि काजळीनं लिहिलं, 'पंचशील चौक'. भिंतीवर एक चित्र टांगलं. दीक्षेच्या गर्दीत कुण्या परदेशी भिक्खूनं त्यांना ते दिलं होतं. त्यातल्या बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले, गाल भरलेले, आणि खाली आमच्यातल्या कुणालाच वाचता न येणारी दोन ओळींची गोलगोल अक्षरं. दर रविवारी भोंगा झाला की सगळी वस्ती त्या पत्र्याखाली जमायची. वंदना, पंचशील, मग गुळाचा चहा. आबाजींचा आवाज पार ठाण्यापर्यंत जायचा, असं लोक थट्टेनं म्हणायचे. ती थट्टा नव्हती, हे पुढं कळलं.

मी शाळेत वरच्या वर्गात होते तेव्हा चीनची लढाई लागली. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं माणसं उकिडवी बसायची. 'आणीबाणी' हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. मायनं विचारलं, "म्हंजे काय वं?" मी शाळेत शिकल्याप्रमाणे सांगितलं की देशावर संकट आलं की सरकारला नेहमीपेक्षा जास्त अधिकार मिळतात. "संकट हाये तं पाह्यजेच," माय म्हणाली. बाजाराच्या दिवशी ठाण्यापुढं टेबल मांडून फौजेसाठी मदत गोळा होत होती, तिथं तिनं पायातले चांदीचे तोडे काढून ठेवले. तिच्या माहेराहून आलेली तेवढी एकच वस्तू होती. नवा फौजदार टेबलामागं बसला होता. त्यानं उठून तिला नमस्कार केला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि ते सांगायलाच हवं. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात भलतंच मोठं हत्यार आलं होतं.

त्या दिवसांत पंचशील हा शब्दही नासला. आपल्या आणि चीनच्या सरकारांनी मैत्रीचा जो करार केला होता, त्याचंही नाव पंचशील. बाजारातल्या सभेत एक पुढारी तावातावानं बोलला, की पंचशीलाच्या नावाखाली चीननं पाठीत सुरा खुपसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनीही वाजवल्या. सुरा खुपसणाऱ्याचा राग त्यांनाही होताच. आपल्या पत्र्याकडे आता लोक कसे बघतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढच्याच रविवारी, ऐन वंदनेत, फौजदार चार शिपाई घेऊन चौकात आला. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, हात जोडलेले. तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. मग पाटीकडे बोट करून त्यानं विचारलं, "हे पंचशील कुणाचं?"

"आमचं, साहेब," बाबा म्हणाले.

"चीनचं की हिंदुस्थानचं?"

बाबा कधी अर्धवट उत्तर देत नसत. त्या दिवशी दिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बुद्धाचं हाये साहेब. इथूनच तं चीनमंधी गेलं थे."

"चीनमध्ये गेलं," फौजदारानं शिपायांकडे बघून तेवढंच पुन्हा म्हटलं. "आणि ही भाषा कोणती? मघापासून जर्मनी जर्मनी काय चाललंय? रोज संध्याकाळी ठाण्यात ऐकू येतं मला."

आबाजी आमच्या मधोमध, हात जोडून, काही न ऐकता हसतमुखानं फौजदाराकडे बघत होते. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. म्हाताऱ्याला ठाण्यात नेतील, अशी भीती त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. "पाली भाषा हाये साहेब. मीच शिकवतो सगळ्याईले," ते म्हणाले. तेवढ्यात शिपाई आमच्या घरातून ते चित्र घेऊन आले. फौजदारानं अर्धे मिटलेले डोळे पाहिले, खालची गोल अक्षरं पाहिली, आणि मग त्याला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. भारत संरक्षण कायद्याखाली बाबांना नेलं. जाताना सांगून गेला, "पुढचा हुकूम येईपर्यंत ह्या वस्तीत पाच माणसं एका जागी दिसता कामा नयेत." गुळाचा चहा चुलीवरच आटून गेला.

बाबांना यवतमाळच्या तुरुंगात ठेवलं. माय मला घेऊन तिथल्या एका वकिलाकडे गेली. आमच्यातल्याच कुणीतरी नाव सांगितलं होतं. वकीलसाहेबांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर बसवणारा वकील त्या काळी आमच्यासाठी मोठी गोष्ट होती. सगळं ऐकून ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्यानं खून केला असता तर मी उद्या कोर्टात उभा राहिलो असतो. त्यानं काहीच केलेलं नाही, हीच अडचण आहे. ह्या कायद्यात आरोप सांगावा लागत नाही, आणि का धरलं हे विचारायची कोर्टाची वाट सध्या बंद आहे." मायनं विचारलं, "कवापर्यंत बंद?" ते म्हणाले, "ते उघडणाऱ्यालाच माहीत." त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही, वर सरकारला अर्ज लिहून दिला. मी पुढं मास्तरीण झाले, मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, घटनेतली कलमं घोकून घेतली. प्रत्येक वेळी मूलभूत हक्कांच्या धड्याला आले की मला त्या वकिलांचा चष्मा पुसणारा हात दिसायचा. लढाई तर महिन्याभरात थांबली होती. आणीबाणी त्यानंतर कितीतरी वर्षं उठली नाही. पुढं पुन्हा एकदा आली तेव्हा सगळा देश हादरला. आमच्या घरानं तो शब्द आधीच चाखला होता.

शाळेत मला 'चिनी' म्हणू लागले. किराणावाल्याच्या पायरीवर मी उभी राहिले की बाकीच्यांच्या गप्पा थांबायच्या. वस्तीतले लोकही दबकून होते, त्यांना बोल लावता येत नाही. ज्याला का धरलं हेच माहीत नाही, त्याच्या शेजारी उभं राहायला कुणाची छाती होणार? अशा वेळी आमच्या दारात आली ती जमनीयाडी. पलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, हातभर बांगड्या, कपाळावर गोंदण. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिच्याशी आमची ओळख कापूस वेचणीच्या वेळेपुरतीच. ती सरळ आत आली, चुलीपुढं बसली आणि मायला म्हणाली, "उद्यापासून माझ्या टोळीत वेचाले ये. पोरीलेबी आण." माय म्हणाली, "आमच्यासंगं दिसली तं तुह्यावर येईन." त्यावर ती हसली. "माझा सासरा रोज ठाण्यात हजेरी द्यायचा, इंग्रजाच्या राज्यात. काही केलं म्हणून नाई. तांड्यात जलमला म्हणून. आमाले कायची भीती दाखवते?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "छोरी, रोव मत."

त्या हंगामात मी शाळा सुटली की शेतात जायचे. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटायची, जमनीयाडी त्यांना तेल लावायची आणि तिच्या बोलीतली गाणी म्हणायची, ज्यातलं मला अर्धं कळायचं. तिच्या फडक्यातली भाकर ती माझ्यापुढं अर्धी करायची. आम्ही कोण, ती कोण, कुणी कुणाच्या हातचं खावं, हा हिशोब तिनं केला नाही. मी आज इतकी म्हातारी झाले, पण कुणाच्या उपकाराचं ओझं वाटावं असं मला फार कमी वेळा झालं. तिच्या उपकाराचं वाटतं, आणि ते उतरू नये असंही वाटतं.

वंदना मात्र बंद पडली होती. रविवारी भोंगा व्हायचा आणि वस्ती नुसती गप्प बसायची. ठाण्यातून गोविंदा जमादाराला पहाऱ्यावर पाठवलेलं असायचं. पोट सुटलेला, मिशा पिकलेला, इकडचाच माणूस. दारूबंदी असूनही संध्याकाळनंतर त्याच्या तोंडाला मोहाचा वास यायचा हे गावातली कुत्रीही जाणत होती. एका रविवारी माय डोक्यावर पदर घेऊन त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"जमादारसाहेब, पाच मान्सं नाई पाह्यजेत. चार चालतेत?"

जमादारानं विचार केला. "चार चालतेत."

"एका घरात चार, अन् बाजूच्या घरात चार, असे?"

"मले चौकाचं सांगतलं हाये, मायबाई. घराचं काई सांगतलं नाई."

त्याच संध्याकाळी माय आमच्या दारात उभी राहिली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आनंद, मागं खाटेवर आबाजी. भोंगा थांबला आणि तिनं सुरुवात केली. तिचा आवाज बारीक होता, पहिलं शील तिनं एकटीनंच म्हटलं. दुसऱ्याला शेजारच्या दारातून आवाज आला. तिसऱ्याला समोरच्या. ज्यांच्या घरात जास्त माणसं होती ती अर्धी पुढच्या दारात आणि अर्धी मागच्या दारात विभागली. कुणी कुणाजवळ गेलं नाही, चौकात चिटपाखरू नव्हतं, आणि पाचव्या शीलाला सगळी वस्ती एका सुरात म्हणत होती. जमादार लिंबाखाली काठी टेकून उभा. मोजायला त्याला कुठं पाच माणसं सापडेनात. मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, पण त्या मोकळ्या चौकाइतकी भरलेली सभा पाहिली नाही.

फक्त एक आवाज नव्हता. धाकट्या आनंदनं भाबडेपणानं आबाजींच्या कानात ओरडून सांगून टाकलं होतं की फौजदार 'जरमनी'साठी आला होता. त्या दिवसापासून आबाजी ओठ मिटून बसायचे. माय विनवायची, "मामाजी, म्हना ना." ते मान हलवायचे. एकदाच बोलले, "माह्या तोंडानं पोरगा गेला, माय. आता हे तोंड खाण्यापुरतं." आणि खाणंही त्यांनी कमीच केलं. सोल्याची भाजी केली तरी सण कोणता हे विचारेनात.

संक्रांतीच्या सुमारास तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. मायनं रोडगे आणि तिळाची चटणी बांधून घेतली. एस. टी.नं आम्ही दोघी यवतमाळला गेलो. बाबा वाळले होते, पण भुवया काळ्या झाल्या होत्या. कापसाच्या पुंजक्यांशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं, मला ते कुणी दुसरेच वाटले. शिपायानं डबा उघडून पाहिला, चटणीचा वास घेतला, आणि नियमात नसतानाही आत जाऊ दिला. त्याचं नाव मी विचारलं नाही, ह्याची रुखरुख आहे.

बाबा हळूच म्हणाले, "एक कागद आनला हाये त्याईनं. लिहिलं हाये का मी पंचशील म्हननार नाई, कोनाले म्हनाले लावनार नाई. सही केली तं आठ दिवसांत घरी." मग मायकडे बघत म्हणाले, "तू म्हनशीन तसं."

मायच्या हाताच्या बोटांवर चिंध्या बांधलेल्या होत्या. घरी आबाजी भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी बोलून गेले, "बाबा, करा ना सही. नुसती सहीच तं हाये."

मायनं बाबांना विचारलं, "सही करून घरी आल्यावर तुमी म्हनान का नाई?"

"म्हनीन तं," बाबा म्हणाले. "थे का सुटते?"

"मंग खोटंच लिहून द्यायचं म्हना. चवथं शील थितंच मोडलं. पाच घेऊन गेलता अन् चार घेऊन येता का?"

बाबा गजांआडून तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसू लागले. इतके हसले की शिपाईही वळून बघू लागला. "फौजदारानं पकडलं थे परवडलं," ते म्हणाले. "तुह्या हातून सुटका नाई." निघताना मी रडत होते, तेव्हा ते मला म्हणाले, "सुजाता, फौजदारावर राग नोको धरू. आपन पाच वेरमण्या घेतल्या. सरकारच्या हातात एवढी ताकद आली, त्यालेबी एखादी घ्यायले पाह्यजे होती." त्या वेळी मला ते पटलं नाही, आणि येताना एस. टी.त मी मायवर इतकी चिडले होते की तिनं दिलेला रोडगा खिडकीतून फेकून द्यावा असं वाटलं. फेकला नाही, भूक होती. आज मी तिची सर्वांत जास्त ऋणी कशासाठी असेन तर त्या प्रश्नासाठी.

जमादार दर रविवारी यायचा. महिनाभर लिंबाखाली उभं राहून त्याच्या कानात सगळं बसलं असावं. एकदा त्यानं मला हाक मारली, "काय वं पोरी, हे वेरमणी वेरमणी म्हंजे काय असते?" मी एकेक शील मराठीत सांगितलं. चारपर्यंत तो मान डोलावत होता. पाचवं सांगितलं तेव्हा तो मिशीवरून हात फिरवू लागला. पुढच्या रविवारपासून एक गंमत सुरू झाली. चौथं शील संपलं की जमादार काठी उचलून विहिरीपर्यंत चालत जायचा आणि पाचवं संपलं की परत यायचा. आनंद आणि मी त्याची वाट बघायचो. फाल्गुन आला, रानात मोहाची फुलं टपटपू लागली, गावाच्या चारी अंगांना तो गोड जड वास भरून राहिला. त्या दिवसांतल्या एका रविवारी जमादार विहिरीकडे गेला नाही. पाचवं शील होईपर्यंत लिंबाखालीच उभा राहिला, खाली बघत. मायनं त्या दिवशी त्याला पहिल्यांदा गुळाचा चहा पाठवला.

त्याच सुमारास ठाण्याच्या तपासणीला कुणी मोठे साहेब आले. त्यांनी आमचा कागद काढून विचारलं, की ह्या वस्तीत चीनचा प्रचार चालतो तो नेमका काय? फौजदारानं पहाऱ्यावरच्या माणसाला पुढं केलं. हे सगळं जमादारानंच पुढं सांगितलं, तेव्हा त्यात थोडा मीठमसाला धरायला हरकत नाही. तो म्हणाला, "साहेब, जीव घेऊ नये, चोरू नये, परक्या बाईच्या वाटेले जाऊ नये, खोटं बोलू नये, अन् पिऊ नये, असा प्रचार हाये. चीननं थोच ऐकला असता तं लढाई कायले झाली असती?" साहेबांनी विचारलं, "आणि जर्मनी?" जमादार म्हणाला, "थो एक म्हातारा हाये साहेब. दात नाईत त्याले. आता तं थोबी बंद झाला." साहेब पुष्कळ वेळ कागद चाळत बसले म्हणे. त्यांनी काय लिहिलं, आमच्यासाठी लिहिलं की आणखी कुणासाठी, ते मला आजही माहीत नाही. बाबांना नेताना कारण सांगितलं नव्हतं, सोडतानाही कुणी सांगितलं नाही. ते चित्र तर परत आलंच नाही. मायनं भिंत पोतारताना तेवढा चौकोन कायम कोरा सोडला.

बाबा सुटल्याचं आम्हाला कळवलंही नव्हतं. रविवार होता, चौकातला हुकूम अजून उठलेला नव्हता, भोंगा नुकताच थांबला होता. आम्ही चौघं आपापल्या जागी: माय, मी, आनंद आणि मागं खाटेवर मुके आबाजी. पहिलं शील झालं, दुसरं सुरू होताना वस्तीच्या तोंडाशी कुणीतरी दिसलं. पांढरा सदरा, काखेत वळकटी. पहिल्या दारातल्या लोकांनी ओळखलं, पण कुणी थांबलं नाही. शील अर्ध्यावर तोडत नाहीत. बाबा एकेका दारापुढून येत होते आणि प्रत्येक दारातला आवाज थोडा थोडा चढत होता. मायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणतच होती. बाबा अंगणापर्यंत आले आणि तिथंच थबकले. त्यांनी दारात आम्हाला मोजलं असावं. चार होते. ते आत आले असते तर पाच झाले असते, आणि लिंबाखाली पोलीस उभा होता. ते अंगणाच्या कडेला हात जोडून उभे राहिले, स्वतःच्याच घराबाहेर.

चौथं शील सुरू झालं. तेवढ्यात माझ्या मागं खाट करकरली. आबाजी उठून उभे राहिले होते, खांबाला धरून, अंगणाकडे बघत. आणि इतके महिने मिटलेलं ते बिनदाताचं तोंड उघडलं, अख्ख्या वस्तीच्या वरताण, ठाण्यापर्यंत जाईल असं:

"जरमनी!"

जमादारानं काठी उचलली, सावकाश आमच्या अंगणात आला, दाराकडे तोंड करून आम्हाला एकेक करून निरखून पाहिलं. मग बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

"देवाजी, अंदर जा," तो म्हणाला. "मले चारच दिसून राह्यले."